सोलापूर दौरा: पिक शून्य आणि घड्याळात १९७० साल

सोलापूरला टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात कर्नल ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसून कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम) दुरुस्त करायला जाऊन आलो. अशाच कामाला पुढे कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

जाणं सोपं आहे. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की रात्री सोलापूर. स्वतःच्या गाडीने गेलात तर साधारण अडीचशे किलोमीटर. मुक्काम स्टेशनजवळ करा, सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीला जायला रिक्षा मिळते. एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. पारा चाळिशीपार आणि डोक्यावर पत्रा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा खोली आधी ठरवूनच निघा.

आता काम. प्रत्येक यंत्रमागावर पिक मोजणारा सेन्सर, सगळ्यांच्या तारा एका कार्डावर आणि कार्ड कॉम्प्युटरमध्ये. (पिक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. कामगाराची मजुरी आणि टॉवेलचा हिशोब दोन्ही त्यावरच.) जुना कॉम्प्युटर ३२ बिटचा होता, तो गेला. नवा ६४ बिटचा, त्यावर लिनक्स. हिशोबाचा प्रोग्रॅम मात्र जुनाच, ३२ बिटचा, आणि त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुणाकडेच नाही. म्हणजे प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, जे काही करायचं ते कर्नलच्या बाजूने.

स्क्रीनवर प्रत्येक मागाचे पिक शून्य, आणि तारीख १ जानेवारी १९७०. मालकांना वाटत होतं बॅटरी गेली असेल. जॉबर (मागांवर देखरेख करणारा) मात्र माझ्याआधीच मुद्द्यावर पोचला होता: "साहेब, माग थांबला की ह्याचं घड्याळबी थांबू लालंय. असं कसं?"

मी शेजारी उभा राहून बघितलं. मिनिटाला दीडशे पिकांनी माग चालत होता आणि स्क्रीनवरचं घड्याळ एका मिनिटात अडीच मिनिटं पुढे जात होतं. एक पिक, एक सेकंद. वेळेच्या खान्यात पिक येऊन बसले होते. लिनक्स वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतो, म्हणून तारीखही तीच. कोड उघडायच्या आधी मागाजवळ जाऊन उभं राहा, हा माझा पहिला सल्ला.

ड्रायव्हर प्रोग्रॅमला माहिती देतो ती स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे ठरलेल्या खान्यांच्या चौकटीत भरून. त्यात तीन खाने: मागाचा नंबर ३२ बिटचा, पिक अनसाइन्ड लाँग (बिनचिन्हाचा पूर्णांक), वेळ अनसाइन्ड लाँग. ३२ बिट लिनक्सवर लाँग ४ बाइटचा, म्हणजे एकूण १२ बाइट. ६४ बिटवर तोच लाँग ८ बाइटचा. शिवाय ८ च्या पटीत बसवायला कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) मागाच्या नंबरानंतर ४ बाइट रिकामे सोडतो. एकूण २४. जुना प्रोग्रॅम पिक शोधतो पाचव्या बाइटपासून, तिथे रिकामी जागा, म्हणून शून्य. वेळ शोधतो नवव्यापासून, तिथे पिकांचा खालचा अर्धा भाग. वर कर्नल २४ बाइट लिहितो आणि प्रोग्रॅमने जागा ठेवलेली १२ चीच. प्रोग्रॅम मधूनच बंद पडायचा तो यामुळे.

खरं तर हे पहिल्याच दिवशी पकडलं जायला हवं होतं. प्रोग्रॅम ड्रायव्हरकडे माहिती मागतो तो आयऑक्टल या कॉलने. त्याच्या कमांड नंबरातच स्ट्रक्चरचा आकार भरलेला असतो. आकार जुळला नाही की कमांड ओळखीची राहत नाही आणि ईनॉटटी (ही कमांड इथे चालत नाही) अशी एरर येते. ती येतही होती. आधी आलेल्या माणसाने ड्रायव्हरमधून आकार तपासणंच काढून टाकलं आणि फक्त कमांडचा क्रमांक बघायला लावला. एरर गेली, हिशोब बिघडला. असला जुगाड दिसला तर आधी तो काढा, मगच पुढचं बघा.

दुरुस्ती छोटी आहे. युजरकडे जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये लाँग ठेवायचाच नाही. नव्या स्ट्रक्चरमध्ये मागाचा नंबर यू-३२ (नेहमी ३२ बिटचाच राहणारा आकडा), त्यानंतर राखीव म्हणून आणखी एक यू-३२, मग पिक आणि वेळ यू-६४ (तसाच ६४ बिटचा). ३२ आणि ६४ बिट, दोन्हीकडे २४ बाइट, आणि ६४ बिटच्या प्रोग्रॅमना काही फरक पडत नाही. जुन्या प्रोग्रॅमसाठी तीन यू-३२ चं वेगळं १२ बाइटचं स्ट्रक्चर आणि ते भरून देणारा कॉम्पॅट आयऑक्टल (३२ बिटच्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा रस्ता). स्ट्रक्चर भरण्याआधी मेमसेटने पुसा, म्हणजे सगळे बाइट शून्य करा, नाहीतर रिकाम्या बाइटमधून कर्नलच्या स्टॅकमधलं (तात्पुरत्या मेमरीतलं) काहीही बाहेर जाऊ शकतं. शेवटी स्टॅटिक असर्टने (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) आकार बांधून टाका, पुढे कुणी खाना वाढवला तर कंपाइलच होणार नाही.

पिकांना ३२ बिट भरपूर झाले. दीडशेच्या वेगाने अखंड चालवला तरी काउंटर भरायला चौपन्न वर्षं लागतील. वेळेचं तसं नाही. जुना प्रोग्रॅम सेकंद ३२ बिट साइन्डमध्ये (एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाला) ठेवतो, ते १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. मालकांना हे कागदावर लिहून दिलं. "तोवर माग तरी राहतेत का बघू," म्हणाले.

सोबत काय न्यायचं? चालू कर्नलचे नेमके त्याच आवृत्तीचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइल) पेनड्राइव्हवर घ्या, शेडमध्ये नेटवर विसंबू नका. पाहोल हवंच, स्ट्रक्चरमधली भोकं, म्हणजे रिकामे बाइट, ते सरळ दाखवतं. एसट्रेस हवं, प्रोग्रॅम कर्नलला काय विचारतो ते दाखवायला. जीसीसी कंपायलरचं मल्टिलिब पॅकेज हवं, म्हणजे एकच चाचणी ३२ आणि ६४ दोन्ही बिटमध्ये बांधून आकार ताडून बघता येतो. लॅपटॉप चार्ज करून न्या. आणि मागांच्या खडखडाटात फोनवर कुणाला विचारायची आशा सोडा, जे विचारायचं ते ऑफिसात बसून.

जेवणाची चिंता नको. कडक भाकरी आणि शेंगा चटणी टेबलावर ठेवून काम करता येतं, कीबोर्ड मात्र लांब ठेवा.

निघताना पॅच (ड्रायव्हरमधले बदल) आणि ड्रायव्हरच्या सोर्सची एक प्रत मालकांच्याच कपाटात ठेवली. त्यावर मार्करने लिहिलंय: कर्नल बदलाल तेव्हा ड्रायव्हर पुन्हा बांधा, आणि ३२ बिट इम्युलेशन चालू आहे ना ते आधी बघा. ६४ बिटच्या कर्नलवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात ते त्यामुळे; ते बंद असेल तर जुना प्रोग्रॅम सुरूच होणार नाही.