एओए इंडिकेटर, नोंद ४: उन्हानं फसवलं, कुंभारणीनं बुजवलं

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, विमानाच्या पंखाचा हवेशी कोन मोजणारा प्रोब, म्हणजे हवेत धरायची नळी, तयार आहे, आता फक्त कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे कोनाशी जुळवणं, उरलंय. त्या ‘फक्त’नं अख्खा एप्रिल आणि अर्धा मे खाल्ला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. विमान माझं नाही, सरांचं. सर आयटीआयमधून निवृत्त झाले, फिटर शिकवायचे. हिंगणघाटच्या अलीकडं आमच्या गावात, कापूस ठेवायच्या टिनाच्या शेडमध्ये ते एकालाच बसता येईल असं विमान बांधून राहिले आहेत. पंखांवर कापड चढलं, इंजिन बसायचंय. सगळे कागद हाती आल्याशिवाय चाक जमिनीवरून उचलायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळं घाई कशाचीच नाही. माझं दुकान मोटर रिवाइंडिंगचं, म्हणून वायरींची कामं माझ्या गळ्यात.

एओए, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, हवाच कशाला, असं गेल्या वेळी दोघांनी विचारलं होतं. स्पीडचा काटा आहे ना? काटा आहे. पण विमान अमुक वेगाला स्टॉल होतं, म्हणजे पंख उचलून धरायचं सोडतो, हे बोलणं अर्धवट आहे. पंख स्टॉल होतो तो समोरच्या हवेशी त्याचा कोन फार वाढला की, साध्या पंखाला साधारण १५-१६ अंशांना. सरळ उडताना ६० किलोमीटरला स्टॉल होणारं विमान ६० अंश कलवून, उंची न सोडता वळवलं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि तेच विमान ८५ ला स्टॉल होतं. काटा ७५ दाखवतोय म्हणून निवांत बसलेला माणूस तिथं फसतो. कोन मोजणाऱ्याला भार किती, वजन किती, काही विचारावं लागत नाही.

आपला जुगाड असा. ड्रोनवाले वापरतात तो पिटो, म्हणजे हवेचा दाब घेणारी नळी, त्यातून समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब आणि स्टॅटिक, म्हणजे आजूबाजूच्या हवेचा नुसता दाब, मिळतो. त्याच्या खाली ६ मिमीची ॲल्युमिनियमची नळी, तोंड ४५ अंशांत तिरपं कापलेलं, खाली-पुढं बघणारं. पंखाचं नाक वर झालं की या तिरप्या तोंडावर हवा जास्त सरळ आदळते, दाब वाढतो. दोन्हींतून स्टॅटिक वजा करायचा आणि तिरप्याच्या दाबाला समोरच्या दाबानं भागायचं. खरी गंमत या भागाकारात आहे. वेग वाढला तर दोन्ही दाब सारख्याच पटीत वाढतात, हवा विरळ झाली तर दोन्ही सारख्याच पटीत कमी होतात. आमच्याकडं मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांतली हवा आणि डिसेंबरातल्या पहाटेची हवा, यांच्या घनतेत दहा टक्क्यांच्या वर फरक पडतो, पण भागाकार जागचा हलत नाही. कागदावर तरी.

चाचणी छोट्या हत्तीवर. टपावर दीड मीटर उंच पाइप, त्याच्या टोकाला प्रोब, बाजूला शाळेतला मोठा लाकडी कोनमापक. गावाकडं वळणारा डांबरी रस्ता दोन किलोमीटर नाकासमोर सरळ आहे. पहाटे साडेपाचला वारा पडलेला असतो, तेव्हा ६० च्या वेगानं एक फेरी, मग प्रोब एक अंश वर, परत फेरी. तिसऱ्या दिवशी एक कास्तकार बंडी थांबवून विचारता झाला, “काय मोजून राहिले जी?” सर म्हणाले, “हवा.” तो म्हणाला, “हवा मोजून काय करता बाप्पा, पाणी कधी येते थे मोजा.”

पहिलं शहाणपण तिथंच आलं. एमपीएक्सव्ही ७००२ हा दाबाचा सेन्सर एका किलोपास्कलला एक व्होल्ट देतो. ६० च्या वेगाला समोरचा दाब जेमतेम १५० पास्कल. तो व्होल्टेज वाचणारा छोटा कंट्रोलर बोर्ड म्हणजे आर्डुइनो नॅनो, त्याची स्वतःची सगळ्यात लहान पायरी सुमारे ५ मिलिव्होल्टची, म्हणजे ५ पास्कलची, आणि माझ्या मापात ५ पास्कल म्हणजे एक अंश. आकडा एका अंशानं उड्या मारत होता आणि मी दोष रस्त्याला देत होतो. व्होल्टेज कितीतरी बारीक पायरीनं वाचणारा १६ बिटचा एडीएस १११५ लावला, उड्या थांबल्या. पहाटेचे आकडे मग छान एका रेषेत बसले: ० अंशाला भागाकार ०.०८, १० ला ०.४१, १५ ला ०.५५.

हे सरांना दाखवावं म्हणून दुपारी तीनला गाडी काढली. कोनमापकावर १० अंश पक्के केलेले, वेग तोच, आणि स्टॉल जवळ आल्याचा लाल दिवा लागला, बझर ओरडायला लागला. आकडा ०.५५. जोड तपासले, नळ्या तपासल्या, प्रोग्रॅम दोनदा वाचला. शेवटी सेन्सरच्या काळ्या डब्याला हात लावला तर चटका बसला. गाडी सावलीत उभी करून प्रोबवर टोपण घातलं. वारा शून्य, तरी तिरप्याचा सेन्सर २१ मिलिव्होल्ट जास्त दाखवत होता. म्हणजे २१ पास्कल, म्हणजे चार-पाच अंशांची थाप.

यातली वाईट गोष्ट नीट बघा. १०० च्या वेगाला समोरचा दाब ४३० च्या घरात असतो, तिथं हेच २१ पास्कल दीड अंशावर जिरतात. चूक फुगते ती वेग कमी असताना, आणि या यंत्राची गरजही नेमकी तेव्हाच. शिवाय आमचा शून्य वर सरकला म्हणून खोटी ओरड झाली. खाली सरकला असता तर ओरडायच्या वेळी ते गप्प बसलं असतं.

आता डबा पांढरा, आतून थर्माकोल, जागा पंखाच्या मुळाशी सावलीत. चालू केल्यावर दहा मिनिटं तापू द्यायचं, मग प्रोबवर टोपण असतानाच बटण दाबून शून्य घ्यायचा. उडताना आपोआप शून्य घेणारा छोटा व्हॉल्व्ह मी सुचवला होता. सर म्हणाले, “अजून एक नळी, अजून दोन जोड, गळायला अजून दोन जागा. राहू दे.” दुपारची चाचणी परत केली: १० अंशांना ०.४२. मला चालतं.

मग चुलतभावाच्या लग्नाला तीन दिवस गेलो. परत येऊन बघतो तर कोन काहीही करा, भागाकार एकाच जागी. तिरप्या नळीचं तोंड वाळलेल्या करड्या मातीनं गुळगुळीत बंद. तारेनं कोरलं तर मागोमाग एक मऊ हिरवी अळी बाहेर आली. कुंभारणीनं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या माशीनं, पिल्लांची सोय करून ठेवली होती. हसण्यावारी नेऊ नका. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या आणि पिटोवर टोपण न घातलेल्या त्या विमानाच्या पिटोत अशाच माशीनं घर केलं असावं, असा तपासाचा अंदाज होता. आता आमच्या प्रोबवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्याला हातभर लाल फडकं. नळी तोंडानं फुंकून साफ करू नका, वाफ सेन्सरपर्यंत जाते. आधी सेन्सरकडून सोडवा, मग पंप मारा.

सरांनी अजून एक गोष्ट ठणकावून सांगितली: यंत्रानं दिवा लावायचा, विमान चालवायच्या दांडीला हात लावायचा नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये बोइंगची ७३७ मॅक्स विमानं पडली तेव्हा एकाच एओए सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विमानाचं नाक आपोआप खाली ढकललं जात होतं. आमचा सेन्सर साडेपाच हजारांच्या आतला, त्याला तेवढा मान द्यायचं कारण नाही.

राहिलंय ते हे. छोट्या हत्तीवर मोजला तो प्रोबचा कोन. पंखाखाली बसवला की पंखापुढं वर चढणाऱ्या हवेमुळं तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवणार. मीटरभर लांबीचा पंखाचा तुकडा करून, वर लोकरीचे धागे चिकटवून गाडीवर लावायचा आणि धागे कधी उलटे फडफडतात ते बघायचं, असा माझा बेत होता. सरांनी तोही खोडला: एवढा आखूड तुकडा पूर्ण पंखापेक्षा उशिरा, जास्त कोनाला स्टॉल होईल. बरोबर आहे त्यांचं. खरी खूण कागद झाल्यावर, पुरेशा उंचीवर मुद्दाम स्टॉल करूनच मिळणार. तोवर डब्यावरची लाल रेघ पेन्सिलनंच मारून ठेवली आहे.