खारघरच्या फेअरवेवर पहिल्या नंबरचा वाद

ठाण्याहून पनवेल लोकल सुटली आणि ऐरोली यायच्या आत आमचा वाद पेटला. भाचा न्यू जर्सीत असतो, गणपतीला घरी आला होता. गोल्फ तो तिकडेच शिकला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा खारघरचा गोल्फ कोर्स त्याला दाखवायचा म्हणून निघालो होतो.

“मामा, पेबल बीचच्या वर तू कुणाला ठेवणार?” त्याने विचारलं. गोल्फ डायजेस्ट हे मासिक २००३ पासून अमेरिकेतल्या शंभर उत्तम सार्वजनिक कोर्सची यादी काढतं. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यावरचा, १९१९ सालचा पेबल बीच त्या यादीत कायम वरच असतो. देखणा आहे, वादच नाही. पण तिथल्या एका फेरीला सहाशे डॉलरच्या वर मोजावे लागतात, आणि बरंच आधी बुकिंग हवं असेल तर त्यांच्याच हॉटेलात खोली घ्यावी लागते. त्याला सार्वजनिक म्हणायचं ते एवढ्यासाठीच, की सभासदत्व लागत नाही.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. परीक्षक गुण कशाला देतात? फटक्यांचे पर्याय किती, खेळायला अवघड किती, होलांमध्ये, म्हणजे खेळाच्या एकेका टप्प्यात, वैविध्य आहे का, देखभाल कशी, दिसायला कसं. सगळं रास्त आहे. पण साध्या पगारदार माणसाला तिथे खेळता येतं का, याला एकही गुण नाही. सार्वजनिक कोर्सच्या यादीत हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

सीवूड्स आलं तसा मी हात करून त्याला नेरुळच्या खाडीची बाजू दाखवली. तिकडच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि इमारती व्हायच्या होत्या. फ्लेमिंगो उतरतात तिथे. रहिवासी कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेत रद्द केला. सिडको पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. मी गोल्फ खेळतो, तरी मला उच्च न्यायालयाचा तो निकाल मनापासून पटतो. पाणथळ बुजवून केलेला कोर्स कितीही सुंदर झाला तरी कुठल्याच यादीत नको. यावर भाचा लगेच “बरोबर” म्हणाला. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते तेवढंच.

बेलापूरला उतरून मेट्रो घेतली. ही लाइन नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, बेलापूर ते पेंधर. सेंट्रल पार्क स्टेशनवरून रिक्षा केली. पावसाळा सरत आला होता, पण खारघरच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा अजून उतरत होत्या. पांडवकड्याचा धबधबा त्याच डोंगरात.

हा कोर्स २०१२ मध्ये सुरू झाला तेव्हा अकरा होलचा होता. पुढे तो अठरापर्यंत न्यायचं काम सिडकोने हाती घेतलं. दरी तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेली, त्यामुळे टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की वाऱ्याचा अंदाज लागत नाही. झेंडा एकीकडे फडफडतो आणि माथ्यावरचे ढग भलतीकडे सरकतात.

भाच्याचा दुसराच फटका फेअरवेत, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, पडला तो तिथेच रुतून बसला, नुसता पांढरा टिळा दिसत होता. तो त्यावरच क्लब, म्हणजे गोल्फची काठी, लावणार इतक्यात आमची बॅग वाहणारा कॅडी म्हणाला, “सर, थांबा. फुकट ड्रॉप मिळतो याला, दंड न लागता उचलून पुन्हा सोडता येतो.” त्याने खांद्यावरच्या ओल्या टॉवेलने बॉल पुसला, खळगीमागची जागा दाखवली आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडायला सांगितला. पुढे ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर, माझ्या बॉलने पाडलेला खड्डा त्याने काट्याने बुजवला. काटा कडेने खुपसून माती आतल्या बाजूला ढकलायची, खालून उचकटायची नाही. उचकटली तर मुळं तुटतात आणि तिथे डाग राहतो. मग पुटरच्या, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या काठीच्या, बुडाने दोन थापा. पलीकडे एक टिटवी आमच्यावर सारखी ओरडत होती. देखभालीला गुण द्यायचे तर ते अशा हातांना द्यावेत.

चहाला बसलो तेव्हा भाच्यानेच बेथपेज ब्लॅकचं नाव काढलं. न्यू यॉर्क राज्याच्या सरकारी उद्यानातला हा कोर्स १९३६ चा. गोल्फची यूएस ओपन स्पर्धा २००२ आणि २००९ मध्ये तिथे झाली, अमेरिका आणि युरोप यांच्यातला २०२५ चा रायडर कपही तिथेच. पहिल्या टीपाशी पाटीच लावली आहे, की हा कोर्स अतिशय अवघड आहे, कसलेल्या खेळाडूंनीच यावं. तरी राज्यातल्या रहिवाशाला तो बाहेरच्यापेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतो. नंबर लागावा म्हणून भाचा स्वतः एकदा तिथल्या पार्किंगमध्ये गाडीत झोपला होता. गाड्यांच्या जागांना नंबर असतात आणि पहाटे त्याच क्रमाने माणसं खेळायला घेतात. शेजारच्या गाडीत एक प्लंबर होता म्हणे, अवजारांच्या पेट्यांशेजारी गोल्फची बॅग ठेवलेली.

“मग तोच पहिला,” मी म्हटलं. “दुसरं स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज. तिथल्या ओल्ड कोर्सवर कुणी खेळायचं याची नावं चिठ्ठ्या टाकून काढतात, आणि रविवारी गोल्फ बंद ठेवून गावातल्या लोकांना तिथे फिरू देतात. जगात गोल्फचं सगळ्यात मोठं गाव ते, आणि आठवड्याचा एक दिवस ते सगळ्यांसाठी मोकळं सोडतात.”

“आणि आपल्याकडे?”

आपल्याकडे दिल्लीचा कुतुब कोर्स. दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सरायला केलेला, देशातला पहिला सार्वजनिक कोर्स. त्यानंतर खारघर. मुंबईत खेळायचं म्हटलं की अजूनही जुन्या क्लबांचंच सभासदत्व आधी आठवतं, म्हणून मला खारघरचं मोल जास्त वाटतं. लोकल, मेट्रो आणि रिक्षा करून पोचता येतं अशा जागी तो आहे.

भाच्याला हे मान्य नाही. “मामा, तू कोर्सला नाही, व्यवस्थेला गुण देतोयस. पेबल बीचचा सातवा होल एकदा खेळ, मग बोल.” मी त्याला सांगितलं, व्यवस्था हा कोर्सचाच भाग आहे. खड्डा कोण बुजवतो, सकाळी फाटक कुणासाठी उघडतं, गावातलं पोर कॅडी म्हणून येतं तेव्हा त्याला एखादा फटका मारायला मिळतो का, हे सोडून नुसत्या गवताला गुण कसे द्यायचे? परतीच्या लोकलमध्ये त्याने फोनवर स्वतःची दहाची यादी लिहिली. पेबल बीच पहिला, बेथपेज चौथा. खारघर त्यात नाही. माझ्या यादीत पेबल बीच दहाच्या बाहेर आहे, आणि तुर्भे येईपर्यंत दोघांपैकी कुणीही एक नाव खालीवर केलं नव्हतं.