सावली उत्तरेला पडते म्हणे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. राजगडाहून तोरण्याला जाताना भर दुपारी मी धारेवर काठी रोवून बसलो होतो. रानात तगून राहायला शिकवणाऱ्या एका नव्याकोऱ्या पुस्तकात लिहिलं होतं, माध्यान्हीची सावली उत्तर दिशा दाखवते. माझी सावली पडली जेमतेम चार बोटं, तीही दक्षिणेकडे. मित्र म्हणाला, "काठी राहू दे, तोरणा समोर दिसतोय की!"

घरी आल्यावर उलगडा झाला. पुण्यात शून्य सावलीचा दिवस 13-14 मेच्या सुमारास येतो. त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पुस्तक लिहिणारा राहतो पन्नास अक्षांशाच्या आसपास, त्याला हा प्रश्नच पडत नाही. ध्रुवताऱ्याचंही तेच. त्याच्याकडे तो आभाळात अर्ध्याहून वर. आपल्याकडे क्षितिजापासून अठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली. दरीत उतरलात की डोंगराआड गायब.

तेव्हापासून अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना मी मुखपृष्ठ बघत नाही, आधी दिशा ओळखण्याचं पान काढतो.

दुसरं पान सर्पदंशाचं. जखमेला चीर द्या, रक्त चोखा, वर आवळून बांधा असं छापलेलं दिसलं की पुस्तक खाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. दंश झालेला अवयव न हलवता माणसाला तिथवर न्यायचं, एवढंच आपलं काम. हे दोन ओळींत सांगणारं पुस्तक मला चाकूंच्या पन्नास चित्रांपेक्षा मोलाचं वाटतं.

तिसरी परीक्षा मला महागात पडली. रानभाज्यांची एक छोटी पुस्तिका घेतली होती, फोटो झकास. जूनमध्ये शेवळं आणून त्यात लिहिल्याप्रमाणे परतली आणि संध्याकाळपर्यंत घसा खाजवत बसलो. कोकणातली मावशी फोनवर हसली. "अरे, काकडं नाही घातलीस?" शेवळांची खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतात. पुस्तिकेत शेवळांचं शास्त्रीय नाव होतं, काकडं नव्हती. आता झाडाच्या नावापुढे ते कसं शिजवायचं, कुठला भाग टाकायचा, कशाशी गफलत होते, हे नसेल तर मी पैसे काढत नाही.

स्वयंपूर्ण शेतीची पुस्तकं निवडणं जास्त अवघड गेलं, कारण ती वाचायला फार गोड असतात. जॉन सेमूर यांचं 1976चं इंग्रजी पुस्तक मी दोनदा वाचलं. गाय, डुक्कर, भाज्यांची फेरपालट, घरची बिअर, सगळं चित्रांसकट. पण त्यांच्या ब्रिटनमध्ये पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. आमच्या कोकणातल्या तुकड्यावर चार महिने धो-धो आणि मग आठ महिने विहिरीकडे बघत बसायचं. उभारी सेमूर यांनी दिली. हिशेब मात्र श्री. अ. दाभोळकरांच्या 'विपुलाच सृष्टी'तून लागला. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, आणि त्यातही मोजायचं ते पानांवर पडणारं ऊन. जमिनीआधी उन्हाचा हिशेब मांडणारं दुसरं पुस्तक मी तरी पाहिलं नाही. वाचायला मात्र जड आहे. मी वही घेऊनच बसलो.

वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला अमेरिकन लेखक थोरोही घेतला, दुर्गा भागवतांच्या अनुवादात. त्यातून कुणी झोपडी बांधायला शिकणार नाही. आणि तळ्याकाठच्या त्या दोन वर्षांत गृहस्थ अधूनमधून आईच्या घरी जाऊन जेवत होते, हे कळल्यावर मला तर हायसंच वाटलं.

सध्या फळीवर पाचच पुस्तकं उरली आहेत. जॉन वाइजमन यांचं 1986चं जाडजूड पुस्तक गाठी आणि आडोशांसाठी ठेवलंय. शेवळांच्या पानावर मी पेन्सिलीने 'काकडं' लिहून ठेवलंय, आणि शेजारी मावशीचा नंबर.