भिंतीवरचा खंड्या आणि पाण्यातला प्राणवायू

रविवार, रात्री

मुठेच्या पात्रालगतच्या रस्त्याने परतताना आज एका भिंतीवर नव्याने रंगवलेले मोठे चित्र थांबून पाहिले. खंड्या, बगळे, कमळे आणि मागे सह्याद्रीची रांग असे ते चित्र आहे. खंड्याची झेप फार सुंदर साधली आहे. मात्र तो ज्यासाठी झेपावतो, तो मासा चित्रात कुठेच नाही, आणि ही उणीव मला मनापासून खटकली.

कारण या नदीचा मासा साधा नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये ज्या दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तो त्यांना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता. पुढे लोणावळ्याजवळ वळवण येथे याच माशाची कृत्रिम पैदास करून त्याची पिल्ले जलाशयांत सोडली गेली. पुण्याच्या भिंतीवर पहिला मान त्याचा असायला हवा.

पण नुसता मासा रंगवून भागेल, असेही मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे २०१९ मध्ये समुद्रात एका मुलीचा, चार मीटरहून उंच असा, पुतळा उभारला आहे. डेव्हिस रीफ या प्रवाळखडकावरील केंद्राकडून पाण्याच्या तापमानाची माहिती येते आणि तिच्यानुसार त्या पुतळ्यातील दिव्यांचा रंग बदलतो. पाणी दीर्घकाळ तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हे संकट किनाऱ्यावरच्या माणसाला एरवी दिसले नसते.

असाच दिवा मुठेकाठच्या चित्रात बसवायचा, तर मोजायचा तो तापमानाऐवजी पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मैलापाणी मिसळले की ते कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू संपवतात, आणि उन्हाळ्यात कोमट पाण्यात तो मुळातच कमी मावतो. वन्यजीव व मत्स्यजीवनासाठी तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पक्षी पाहून ही स्थिती कळेलच असे नाही. शेकाट्या हा लांब पायांचा पक्षी तर घाण पाण्यातल्या अळ्या टिपत मजेत राहतो, त्यामुळे पुलावरून पाहणाऱ्याला नदी नांदती आहे असे वाटते.

म्हणून भिंतीवरच्या महसीरच्या डोळ्यात एक दिवा असावा, आणि पाण्यातल्या संवेदकाचा (सेन्सरचा) आकडा चारच्या खाली गेला की त्याचा रंग बदलावा. संवेदकावर शेवाळ व गाळ साचून आकडे चुकू लागतात, त्यामुळे त्याच्या नियमित सफाईची जबाबदारी चित्राच्या करारातच लिहिलेली असावी. खडकवासला धरणातून पाणी सोडण्यापूर्वी संवेदक काढून ठेवावा लागेल. दिवाही मंद, भिंतीकडे वळवलेला आणि रात्री दहानंतर बंद होणारा हवा, कारण प्रखर उजेड काठावरच्या किड्यांना व पाखरांना सोसत नाही.