"मामा, उडी कुठाय?" : टेकडीवरच्या सायकल-फिल्मची नोंदवही

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

पहिला कट तयार झाला. तीन मिनिटं चाळीस सेकंद. पुण्याच्या वेताळ टेकडीवर चार सकाळी घालवून जमवलेलं सगळं त्यात ओतलं होतं: पिवळं पडायला लागलेलं कमरेएवढं गवत, त्यावरचं तिरपं ऊन, कोळ्याच्या जाळ्यातलं दव, साखळीवरून अलगद सरकणारा फोकस, मागच्या चाकाने उधळलेला मुरूम. नुसत्या कलर ग्रेडिंगला, म्हणजे रंग नटवायला, दोन रात्री गेल्या. भाच्याला दाखवला, कारण फिल्मचा नायक तोच. वय एकोणीस, हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) सायकल, भीती नावाला नाही.

त्याने शेवटपर्यंत बघितलं. "भारी दिसतंय," म्हणाला. मग जरा थांबून, "पण मामा, मी उडी मारली ती कुठाय?"

आहे की, दीड मिनिटाच्या पुढे. लावून दाखवली. कडेवर टेकलेलं पुढचं चाक अगदी जवळून, कट, आकाशात सायकलची काळी आकृती संथपणे तरंगतेय, कट, धूळ. तो हसायलाच लागला. "हे कुणीही केलं असतं. एकाने चाक टेकवलं, दुसऱ्याने सायकल वर फेकली, तिसऱ्याने माती उधळली. मी यात कशाला हवा?"

राग आला, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो आणि सेकंद मोजले. २२० सेकंदांत सायकल चालताना दिसते ८४ सेकंद. त्यातले ५२ स्लो-मोचे. उरलेल्या ३२ सेकंदांत टेकऑफपासून लँडिंगपर्यंत एका शॉटमध्ये सलग दिसणारी उडी एकच. आणि तीही माझ्या कॅमेऱ्यातली नाही. कातळावर बसून पोहे खाणाऱ्या मित्राने एका हाताने फोनवर घेतलेली.

त्याच आठवड्यात, रात्री

मग माउंटन बाइकिंगच्या जुन्या फिल्म पुन्हा काढल्या. या वेळी रिमोट हातात धरून, एकेक शॉट थांबवत.

'क्रँक्ड' १९९८ ची. ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सच्या आसपासचे मातीचे उभे उतार, वेड सिमन्स, रिची श्ले, ब्रेट टिपी ही मंडळी त्यावरून खाली येतायत, आणि कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा राहून बघतोय. चित्राचा दर्जा आज बघवत नाही. पण उतार कुठे सुरू झाला, माणूस कुठून आला, कुठे ब्रेक सोडला, हे सगळं कळतं. आपल्याकडे लग्नाचा व्हिडिओ काढणारे काका असतात ना, मंडपाच्या कोपऱ्यात तिपाई लावून सगळं टिपणारे, तसा हा कॅमेरा. त्याला कलेतलं काही कळत नसेल, पण त्याच्या हातून मंगलाष्टक सुटत नाही.

२००४ च्या 'द कलेक्टिव्ह'पासून हवा बदलली असं मला वाटतं. सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण, ओलं हिरवं जंगल, तारेवरून सायकलच्या बाजूने धावणारा कॅमेरा. इतके दिवस मी हिला 'सुंदर फिल्म' या कप्प्यात टाकलं होतं. थांबवत बघितल्यावर कळलं, तो तारेवरचा कॅमेरा नुसता नटवण्यासाठी नाही. तो सायकलस्वाराला सोडत नाही. वळणात शिरताना खांदा कसा पडला, बाहेर येताना कसा उठला, हे मधे न तोडता दाखवतो. झाडांची खोडं कॅमेरा आणि सायकल यांच्या मधून सटासट मागे जातात, म्हणून वेग अंगावर येतो. एक तार, पण कामं दोन.

'लाइफ सायकल्स' (२०१०) मात्र माझी दुखरी नस. माझा पहिला कट म्हणजे त्याचीच गरीब नक्कल होती, हे आता मान्य करतो. त्यातलं धान्याचं शेत, ऋतू बदलत जातात ते, कितीदा बघितलंय त्याला गणती नाही. पण डोळे मिटून आठवायला गेलो तर कणसं आठवतात, धूळ आठवते, प्रकाश आठवतो. उडी एकही आठवत नाही. त्या फिल्मवर हा अन्याय आहे म्हणा, कारण तिचा विषयच सायकलचं आयुष्य, जन्मापासून भंगारापर्यंत. तिथे कणसं शोभतात. माझ्या फिल्मचा विषय एक मुलगा आणि दीड मीटरचा ड्रॉप, म्हणजे कडेवरून थेट खाली उडी. तिथे दवबिंदू काय करत होता?

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शॉम्पेरी. स्वित्झर्लंड, २०११ ची डाउनहिल (उतारावरून खाली येण्याच्या शर्यतीची) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. ही फिल्म नव्हेच, टीव्हीचं प्रक्षेपण. पाऊस, चिखल, भिंतीसारखा उतार, ठरलेल्या जागी उभे कॅमेरे. डॅनी हार्ट खाली येतो आणि ११.६९९ सेकंदांनी जिंकतो. ज्या खेळात सेकंदाच्या तुकड्यांवर पदकं ठरतात, तिथे अकरा सेकंद! समालोचक रॉब वॉर्नरचा आवाज शेवटी शेवटी त्याच्याच ताब्यात राहत नाही. शेवटच्या उडीवर तर हार्ट सायकल हवेत आडवी फेकतो, गरज नसताना. एकही शॉट भिंतीवर लावावा असा नाही. तरी आमच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कुणीतरी तो व्हिडिओ टाकतोच.

म्हणजे नटवणं वाईट आणि रांगडं ते खरं, असं का? तेही पटेना. 'द रिज' (२०१४) लावली. डॅनी मॅकॅस्किल, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची कुइलिन डोंगररांग. ड्रोनने लांबून घेतलेल्या चित्रांत तो मुंगीएवढा दिसतो. पण दोन्ही बाजूंचा कडा त्याच चित्रात असतो, त्यामुळे खडकावरचं साधं दोन फुटांचं वळणही बघताना पोटात गोळा येतो. तिथे निसर्गच स्टंट आहे. कडा काढून टाका, तीच चाल फुटपाथवर करा, कुणी मान वर करून बघणार नाही.

मग 'अनरिअल' (२०१५) मधला ब्रँडन सेमेनुकचा भाग. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शॉट. कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर ट्रेलच्या शेजारून रस्ता तयार केला, ट्रकवर जायरोने स्थिर राहणारा कॅमेरा बसवला, आणि सेमेनुक खाली येत असताना ट्रक सोबत धावला. याहून नटवं काम कुठलं? आणि तरीही सगळं दिसतं. एका उडीतून उतरल्यावर उरलेला वेग पुढच्या उडीला कसा पुरवायचा, चुकला तर तीन उड्यांनंतर कसा नडेल, हे सगळं कट नसल्यामुळे समजतं. माझ्या भाच्याने केलेली तक्रार तिथे करायला जागाच नाही.

वहीत एकच ओळ लिहिली: शॉट सुंदर आहे का, हे नंतर विचार. आधी विचार, चाकं जमिनीवरून सुटताना आणि परत टेकताना दिसली का?

नोव्हेंबर, दुसरा रविवार

पुन्हा टेकडी. साडेसहाला वर. ड्रोन उडवायचा मोह होता, पण पुण्यात हवाई दलाचा तळ आहे. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी 'डिजिटल स्काय'चा नकाशा उघडला आणि बेत मिटवला. वळणावर एक मित्र शिट्टी घेऊन उभा, कारण रविवारी फिरायला येणारी मंडळी बरीच. एक आजोबा थांबले. "कसली शूटिंग? जाहिरात का?" नाही आजोबा, हौस. "मग मी इथेच बसतो," म्हणाले आणि काठी टेकून बसले. आमचा पहिला प्रेक्षक.

आधी उताराचा प्रश्न. ड्रॉपच्या वरची उतरण फोनच्या लेव्हलने मोजली, २८ अंश. उभं राहिलं तरी बूट घसरतात. ॲक्शन कॅमेऱ्यात तीच सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पसारखी दिसते. रुंद भिंग लांबचं सगळं इतकं बारीक करून टाकतं की उताराची उंचीच हरवते, आणि छातीवर कॅमेरा लावला तर क्षितिजही बरेचदा बाहेर. त्यात आतलं स्टॅबिलायझेशन एवढं हुशार की दगडधोंड्यांची वाट गालिचा वाटते. हात सुन्न करणारे हादरे यंत्राने पुसून टाकले, आणि त्याचे पैसे आपणच मोजलेले! या वेळी कॅमेरा बाजूला नेला, उताराला काटकोनात, आणि चौकटीत मुद्दाम एक सरळ खोडाची सुबाभूळ घेतली. उभ्या खोडाशेजारी जमीन किती कलली आहे ते डोळ्याला लगेच कळतं.

मग वेग. भाचा ड्रॉपला येतो साधारण ताशी २५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सात मीटर. पहिल्या वेळी मी शटर हजारावर, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागच उघडं, ठेवलं होतं, सगळं लख्ख हवं म्हणून. एका फ्रेममध्ये सायकल सात मिलिमीटर सरकते, चाकाचा एकेक आरा मोजून घ्या. चित्र कोरलेलं, आणि मेलेलं. आता शटर एक-पन्नासांश. उन्हात तेवढं उघडं ठेवायचं तर भिंगावर एनडी आठ हा उजेड आठपट कमी करणारा गडद फिल्टर लावावाच लागतो. आता एका फ्रेममध्ये चौदा सेंटिमीटर. सायकलसोबत कॅमेरा फिरवला की सायकल स्वच्छ, मागचं गवत पुसल्यासारखं. भिंगापासून हातभर अंतरावर घाणेरीचं एक झुडूप राहू दिलं. पॅन करताना ते चौकटीतून सर्रकन जातं. वेग त्या घाणेरीत आहे, सायकलमध्ये नाही. गेल्या वेळी मागून त्याच वेगाने पळत फॉलो-कॅम केला होता, तेव्हा तो चौकटीच्या मधोमध पुतळ्यासारखा बसलेला दिसत होता. पळून मला धाप लागली, त्याला नाही.

पॅन जमायला सात फेऱ्या लागल्या. पहिल्या दोनदा मी मागे राहिलो, तिसऱ्यांदा पुढे गेलो. चौथ्यांदा ऑटोफोकसने घाणेरीवरच जीव जडवला. पाचव्या वेळी माझं बरोबर होतं, पण त्याचं पुढचं चाक मुरमावर सुटलं आणि तो कोपरावर घसरत गेला. आजोबा काठी टाकून उठले. तो उठून बसला, कोपरावरची माती झटकली, आणि पहिला प्रश्न, "आलं का?" आलं होतं. सगळं आलं होतं. पाणी ओतलं, पट्टी लावली, वीस मिनिटं बसवला. "पुरे आज," मी म्हटलं. "तुझं जमेपर्यंत नाही," असं म्हणून तो सायकल ढकलत वर. सहावी ठीक. सातवी हवी तशी.

आवाज वेगळा घेतला. रेकॉर्डर ड्रॉपखाली दगडाआड, वाऱ्यासाठी वरून जुना लोकरी मोजा चढवून. घरी ऐकलं तर उडीआधी मागच्या चाकातल्या फ्रीहबची किटकिट, मग काहीच नाही, मग धप्प. ते 'काहीच नाही' अर्ध्या सेकंदाचं आहे, आणि पहिल्या कटमध्ये त्याच्यावर मी गिटार पसरलं होतं.

नोव्हेंबरअखेर

दुसरा कट. दोन मिनिटं दहा सेकंद. संगीत फक्त शेवटच्या वीस सेकंदांना.

स्लो-मोचा हिशोब इथे टिपून ठेवतो, कुणाच्या कामी येईल. दीड मीटरवरून पडायला जेमतेम ०.५५ सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर तेरा फ्रेम. सेकंदाला १२० फ्रेमने घेऊन पाचपट संथ केलं की तीच उडी पावणेतीन सेकंदांची होते, आणि माणूस चंद्रावर उतरल्यासारखा उतरतो. तेव्हा आता क्रम असा: उडी आधी खऱ्या वेगाने, बाजूने, पूर्ण. प्रेक्षकाच्या डोळ्यातून सुटली तरी चालेल, सुटायलाच हवी. मग हवी तर तीच संथ. आधीच संथ दाखवली तर ती मुळात किती झटपट होती, हे कुणाला कधी कळणारच नाही.

दव गेलं. साखळी गेली. जाळं काढताना हात अडखळला, पण गेलं. गवताचा एक शॉट ठेवलाय, सुरुवातीला चार सेकंद: वारा नाही, सगळं स्तब्ध, आणि लांबून मुरमावर टायर येतोय त्याचा नुसता आवाज. हा ठेवायला कारण आहे, असं मी स्वतःला सांगतोय. कलर ग्रेड जवळपास काढून टाकला. टेकडीला नारिंगी रंग फासला की मुरूम आणि कातळ यांतला फरकच जातो, आणि घसरला तो नेमका त्या फरकावर. घसरण ठेवलीय. आजोबांची काठी पडताना दिसते, तीसुद्धा.

भाचा काल आला. दाखवलं. या वेळी 'भारी' वगैरे काही नाही. सातव्या उडीशी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागे. अकरा वेळा मोजली मी. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "हे बघ, उतरताना कोपरं सरळ आहेत माझी. म्हणून पुढचं चाक आधी टेकतंय. म्हणून त्या दिवशी पडलो." मी बघितलं. खरंच, सरळ होती. इतके दिवस एडिट करताना मला ते दिसलं नव्हतं.

"हे कुठे टाकू नकोस हां मामा," जाताना चपला घालत म्हणाला. "पुढच्या रविवारी परत मारतो."

एनडी फिल्टर पुसून ठेवलाय. फेब्रुवारीच्या आत उरकायला हवं, तोवर वणवा लागला नाही तर गवत आहे.