जगबुडी आणि एक चॉकलेट

जग बुडायला लागलं की माणसं देवाचा धावा करतील, एकमेकांच्या गळ्यात पडून रडतील, असं आपण उगाचच धरून चाललेलो असतो. 'धिस इज द एंड' या 2013 च्या सिनेमातले मित्र चॉकलेटवरून भांडतात.

सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या लेखक-दिग्दर्शक जोडगोळीचा हा उद्योग. लॉस एंजेलिसमध्ये नट जेम्स फ्रँकोच्या नव्या घरी पार्टी चालू असते आणि सगळे नट स्वतःच्याच नावाने वावरत असतात. सेथ आणि त्याचा जुना मित्र जे बरुशेल जवळच्या दुकानात गेलेले असताना निळ्या प्रकाशाचे झोत येतात आणि भल्या माणसांना अलगद वर उचलून नेतात. दोघे धापा टाकत परत येतात, तर पार्टी जोरात! कुणाला काही कळलेलंच नाही, कारण तिथलं एकही माणूस उचललं गेलेलं नाही. हॉलिवूडने स्वतःला इतकी सणसणीत चपराक क्वचितच मारून घेतली असेल.

मग अंगणातली जमीन दुभंगते, पाहुणे त्यात गडप होतात. उरलेले दारं-खिडक्या बंद करून बसतात आणि घरातला शिधा मोजायला घेतात. त्यात निघतो एक मिल्की वे, म्हणजे ते चॉकलेट. घर माझं, तेव्हा तो माझा, असं फ्रँकोचं म्हणणं. बाहेर डोंगर पेटलेत आणि आत वाटणीची बोलणी चाललीत, तीही अगदी गंभीरपणे. डॅनी मॅकब्राइड तर बाथटबमध्येच झोपून राहिलेला. प्रलयाचा त्याला पत्ताच नाही. सकाळी उठून हा बाबा शिध्यातलं बरंचसं वापरून झकास नाश्ता बनवतो.

मला खरी मजा वाटते ती सेथ आणि जेच्या रुसव्याची. मागे एकदा जे लॉस एंजेलिसला आला होता आणि सेथला न कळवता हॉटेलात उतरला होता, हे नेमकं या कोंडवाड्यात बाहेर येतं. पुण्याला येऊन गेलास आणि घरी नाही आलास? हा गुन्हा आपल्याकडेही सात पिढ्या विसरत नाहीत. दाराबाहेर राक्षस फिरत असले तरी हा हिशेब आधी चुकता व्हायलाच हवा! जोना हिल तर देवाची प्रार्थना करतानाही आपण 'मनीबॉल' सिनेमातले, अशी ओळख करून देतो. मागणं काय, तर त्या जेला मारून टाक. (पुढे भुताखेतांचा धुडगूस वाढतो, तिथे माझं मन रमत नाही. चार भिंतींतली कुरबुरच सरस.)

याच शहरातला, याच जातकुळीचा पण पुष्कळ कमी खर्चाचा सिनेमा म्हणजे टॉड बर्गरचा 'इट्स अ डिझास्टर', 2012 चा. रविवारी चार जोडपी जेवायला जमतात आणि शहरात विषारी बॉम्ब फुटतात. ही बातमी आणतो शेजारी. तो डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक पोशाख घालून बॅटऱ्या मागायला आलेला असतो. आत डोकावतो, मंडळी जमलेली बघतो आणि त्याचा चेहराच पडतो: आम्हाला का नाही बोलावलंत?