सुरत, पण या वेळी बंदर म्हणून

रविवार, रात्री

संक्रांतीची गर्दी ओसरली की सुरतेला जायचं, हे आज घरात पक्कं झालं. दोन मुक्काम, मी आणि बाबा. माय म्हणते, "सूरतमा काय देखानं शे?" तिचं चूक नाही. खान्देशातल्या कुठल्याही घरात विचारा, एक तरी माणूस सुरतेला असतोच. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली. गल्लीत शिरलं की कानावर अहिराणी पडते. आपण तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो, कुणाच्या बारशाला जातो, यंत्रमागावर नोकरी बघायला जातो. पाहायला म्हणून कुणी जात नाही.

मला मात्र सुरतेचं बंदर पाहायचंय. ते आपलंही बंदर होतं, हे मला मनापासून वाटतं आणि बाबांना ते तिथे उभं राहून सांगायचंय. आमच्या अमळनेरच्या बोरीचं पाणी तापीला जातं, निम-कपिलेश्वराजवळ पांझरा तापीला मिळते, चांगदेवला पूर्णा. मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून ७२४ किलोमीटर वाहून तापी सुरतेपाशी समुद्रात शिरते. बाबांनी तापीकाठी जन्मभर कापूस पिकवला, पण तिचं मुख पाहिलेलं नाही. वयाच्या या टप्प्यावर त्यांना ते दाखवायचं, बाकी सगळं त्यानंतर.

मंगळवार

दिवसभर शाळा, संध्याकाळी वही उघडली.

रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी बऱ्हाणपूर ते सुरत हा मोठा व्यापारी रस्ता होता आणि तो आपल्या नंदुरबारवरून जायचा. बऱ्हाणपूरचं तलम कापड, खान्देशातली नीळ, सगळं याच वाटेनं बैलांच्या पाठीवरून खाली उतरायचं. १६१५ मध्ये इंग्रज राजाचा वकील थॉमस रो सुरतेला उतरला आणि जहांगीर बादशहाचा मुलगा शहजादा परवेझ याला भेटायला याच रस्त्यानं बऱ्हाणपूरला गेला. पुढे धरणगावलाही इंग्रजांची वखार होती. धरणगाव, म्हणजे आमच्या इथून गाडीनं जळगावला जाताना लागतं ते! शाळेत सुरतेची लूट दरवर्षी शिकवते मी, १६६४ आणि १६७०. पण सुरतेत एवढी संपत्ती साठली कुठून, हे सांगताना आपल्या नंदुरबारचं आणि धरणगावचं नाव घेतलं की मुलं ताठ बसतात.

पाहायची ठिकाणं उतरवली. पहिला मान किल्ल्याचा. पोर्तुगिजांचे हल्ले थोपवायला गुजरातच्या सुलतानाच्या काळात खुदावंदखानानं तो अगदी तापीच्या काठावर बांधून घेतला, काम पुरं झालं १५४६ च्या सुमारास. आता दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय. मग मुघलसराई, शहाजहानच्या काळातली. हजला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत तिथे उतरायचे. आज तिथे महानगरपालिकेचं कार्यालय आहे. त्यानंतर इंग्रजांची आणि डचांची दफनभूमी. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता जॉर्ज ऑक्सिंडन. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला, तिथेच त्याची कबर आहे. कबरींवर दुमजली घुमट बांधलेत म्हणे, एखाद्या नबाबाला शोभतील असे. ज्यांची नावं पुस्तकात वाचली त्यांच्या कबरीसमोर उभं राहायला मला आवडतं. धडा पुन्हा शिकवताना आवाज बदलतो.

गुरुवार, रात्री उशिरा

आज समुद्राचा विचार. सगळे डुमसला जातात, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर. भजी खायला ठीक आहे, आपण सुवाळीला जाऊ. नदीच्या मुखाशी वाळूचे बांध साचत, मोठी जहाजं शहरापर्यंत येऊ शकत नसत, म्हणून ती उत्तरेला सुवाळीला नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांनी, गाड्यांनी शहरात यायचा. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाईही तिथल्याच पाण्यात झाली. पुढे गाळ वाढत गेला, १६८७ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं मुख्य ठाणं मुंबईला नेलं आणि सुरतेचा जोर हळूहळू कमी झाला. आज शेजारीच हजीऱ्याला मोठी जहाजं लागतात. तिथून भावनगरजवळच्या घोघ्याला गाड्या-माणसं घेऊन जाणारी फेरीबोट २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून ती या वेळी यादीतून काढली.

किनाऱ्याला जायचं तर भरतीची वेळ आधी बघावी लागते. खंभातच्या आखाताजवळ भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी आहे. ओहोटीला गेलं तर पाणी लांब, समोर नुसता चिखल. वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्यामुळे आजचा आकडा परवा चालत नाही. बाबांना पाणी पायांपर्यंत आलेलं दिसायला हवं, म्हणून भरती संध्याकाळच्या आत येईल असेच दिवस निवडले. आत मात्र उतरायचं नाही, तिथलं पाणी भरवशाचं नाही.

जाण्याची गाडी दिवसाची. रात्री झोपून जाण्यात काय अर्थ? रूळ तापीच्या दक्षिण काठानं जातात, त्यामुळे जाताना उजव्या हाताची खिडकी हवी, सातपुडा त्या बाजूला दिसतो. नंदुरबारला या दिवसांत मिरच्यांच्या पथाऱ्या लाल झालेल्या असतात. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातमध्ये. पुढे सोनगढ, त्याच्या वरच्या अंगाला उकाई धरण. पावसाळ्यात भुसावळजवळ हतनूरचे दरवाजे उघडले की उकाईत पाणी चढतं आणि सुरतेला काळजी लागते. ऑगस्ट २००६ चा पूर तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. आपल्याकडचा पाऊस त्यांच्या दारात जातो, इतकं हे जवळचं नातं आहे.

खाण्याचं सोपं आहे. गाडीत दशम्या आणि लाल मिरचीची चटणी. तिथे लोचो, म्हणजे डाळीच्या पिठाचा वाफवलेला मऊ पदार्थ, आणि थंडी आहे म्हणून पोंक, ज्वारीचा कोवळा दाणा भाजून शेव घालून खातात तो. आपला हुरडाच. बाबांना तो आधी सांगायचा नाही, हातात द्यायचा.

शनिवार

तिकिटं झाली, उजवी खिडकी मिळाली. लिंबायतच्या मावसभावाला फोन केला. तो तिथे लहानाचा मोठा झाला, पण सुवाळी त्यानं पाहिलेलं नाही, मुघलसराईत फक्त कागद घ्यायला गेलाय. थॉमस रोचं नाव ऐकून म्हणाला, "ताई, तो नंदुरबारवरून गेला? आपल्या?" मग दोनदा विचारून घेतलं आणि कारखान्यात दोन दिवसांची सुट्टी मागतो म्हणाला. रिक्षाही तोच ठरवणार आहे.